पेंटरला विचारा : 'पासून'चा आणि 'पर्यंत'चा रकाना

या खेपेला पत्रं बक्कळ आली आणि निम्म्याहून जास्त मरणाबद्दल आली. अंक पितृपक्षात निघतोय म्हणून असेल. नवीन वाचकांना एकदाच सांगतो : मी परभणीचा बोर्ड रंगवणारा पेंटर. दुकानांच्या पाट्या, निवडणुकीच्या भिंती, कचेऱ्यांतले फलक, उरुसातल्या पाळण्यांवरचे वाघ-सिंह, समाधीवरची नावं, एवढंच माझं शिक्षण. मला काहीही विचारा, उत्तर फिरून तिथंच येणार. संपादकांना ते चालतं म्हणून हे सदर चाललंय.

प्रश्न : काका, मी अंबाजोगाईला एम.ए. करते. आधी कविता भरभरून सुचायच्या. उन्हाळ्यापासून एक ओळ नाही. वही उघडते, बंद करते. मैत्रिणी म्हणतात, मूड आला की सुचेल. प्रतिभा अशी संपून जाते का?

उत्तर : पोरी, आमच्या धंद्यात मूड गिऱ्हाइकाला असतो, पेंटरला नसतो. सकाळी नऊला दुकानाचा शुभारंभ असेल तर आठला पाटी टांगलेली पाहिजे. रात्री काही सुचो न सुचो, मी आधी दोरी मारतो. दोरा निळीत बुडवायचा, दोन्ही टोकं ताणून धरायची, मधून उचलून सोडायचा. पत्र्यावर सरळ रेघ उमटते. वर एक, खाली एक. दोन रेघा पडल्या की अक्षरं किती मावतील ते दिसतं आणि हात चालायला लागतो. तुझी दोरी कोणती ते तू बघ. आज बघितलेलं एखादं माणूस, त्याच्या चपलेसकट, दोन वाक्यांत लिहिलंस तरी रेघ पडली म्हण.

आणि अंबाजोगाईत राहून तू मला विचारायलीस! तुझ्या गावात संतकवी दासोपंत होऊन गेले. त्यांनी सुमारे ४० फूट लांब पासोडीवर, म्हणजे जाड कापडावर, पंचीकरण हा ग्रंथ लिहिला. विद्वान माणसं त्यातल्या तत्त्वज्ञानावर बोलतात, माझं लक्ष शाईकडं जातं. फ्लेक्स येण्याआधी मी कापडी फलक पुष्कळ रंगवले. कापड रंग पितं. खळ नीट बसली नसली तर अक्षराला मुळ्या फुटतात, आणि खोडायची सोय नाही. असल्या कापडावर इतकं लांब लिहिणारा माणूस सुचायची वाट बघत बसला असेल, हे मला पटत नाही. पुढची हातभर जागा बघायची, ती भरायची, कापड सरकवायचं. आमच्या परभणीचे बी. रघुनाथ बांधकाम खात्यात कारकून होते. फायलींच्या ढिगातून वेळ काढून कविता, कथा, कादंबऱ्या लिहिल्या आणि १९५३ साली कचेरीतच गेले. वय चाळीस. त्यांना मूडसाठी कुठली सवड?

पावसानं ताण दिला म्हणून आपल्याकडं कोणी शेत विकत नाही, दुबार पेरणी करतं. वही बंद करू नकोस.

प्रश्न : वेरूळचं कैलास लेणं माणसांनी केलंच नाही, परग्रहावरच्या लोकांनी केलं, असे व्हिडिओ मोबाईलवर फिरतात. मी कन्नडचा, लहानपणापासून लेणी बघतो. मलाही कधीकधी वाटतं की हे माणसाचं काम नव्हे. तुमचं काय मत?

उत्तर : माणसाचंच काम आहे, आणि त्याला तुमच्याइतकंच नवल वाटलं होतं. बडोद्याला राष्ट्रकूटांचा एक ताम्रपट सापडला, इसवी सन ८१२ च्या सुमाराचा. त्यात या देवळाचं वर्णन आहे. विमानातून जाणारे देव ते बघून थक्क झाले, असं आधी येतं. एवढं कोणताही दरबारी कवी लिहील. पुढचं मात्र ऐकण्यासारखं आहे : ज्यानं हे घडवलं तोसुद्धा चकित झाला, की अरे, मी हे केलं तरी कसं! राजा कृष्णाचं नाव त्यात आहे. हे म्हणणाऱ्याचं नाही.

त्या लेण्यात कळसापासून खाली कोरत आलेत. भिंत रंगवणारासुद्धा वरूनच खाली येतो, नाहीतर ओघळ झालेल्या कामावर पडतात. पण आमचा ओघळ फडक्यानं पुसता येतो. तिथं हत्तीची सोंड चुकून उडाली तर नवी सोंड कुठून आणणार? शिखरावर टाकी लावली तेव्हाच तळातल्या हत्तींसाठी दगड राखून ठेवावा लागला असणार. वरची माणसं म्हातारी होऊन खाली उतरली असतील, काही उतरलीही नसतील, आणि सोंडेपर्यंत दुसऱ्यांचे हात पोचले असतील. एवढी माणसं, त्यांची जेवणं, टाक्यांना धार लावणारे लोहार, दगडाची भुकटी उचलणाऱ्या बाया... हे सगळं डोळ्यांपुढं आणायला कष्ट पडतात. त्यापेक्षा परग्रहवाले सोपे, त्यांना मजुरी द्यावी लागत नाही.

प्रश्न : मी वसमतचा, बारावीला आहे. चित्रकलेची आवड आहे. पण आता मोबाईलला नुसतं सांगितलं तरी चित्र तयार होतं. हातानं शिकण्यात अर्थ आहे का?

उत्तर : पोटासाठी मशीन शीक. फ्लेक्स आला तेव्हा आमच्यातले निम्मे पेंटर वर्षा-दोन वर्षांत रिक्षा चालवायला गेले. मी कोरल ड्रॉ शिकलो म्हणून तगलो. मशीनवर माझा राग नाही. राग आहे तो श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर, ज्याच्यात मेलेला माणूस कोपऱ्यात आणि 'शोकाकुल मित्रमंडळ' गॉगल लावून मधोमध. पण तेही मशीन आपल्या मनानं करत नाही, ऑर्डर देणारा सांगतो. हातानं काढत राहा. आईचं चित्र काढ, समोर बसवून. तिच्याकडं इतका वेळ तू एरवी कधी बघणार आहेस?

प्रश्न : मी वर्ग एकचा अधिकारी म्हणून निवृत्त झालो, सध्या जालन्यात असतो. माझ्या एका सहीसाठी लोक व्हरांड्यात ताटकळत बसायचे. परवा त्याच कचेरीत गेलो, तर नव्या शिपायानं विचारलं, काय काम आहे? नमस्कारही नाही. घरी फोन वाजत नाही. हे मरणाआधीचं मरणच नाही का?

उत्तर : साहेब (सवय आहे, साहेबच म्हणतो), तुमच्या खुर्चीमागं भिंतीवर एक लाकडी फलक असणार. अ.क्र., नाव, पासून, पर्यंत. चार रकाने. असले फलक मी परभणी-हिंगोलीकडं पुष्कळ लिहिले. गंमत अशी की साहेबांची पाठ त्याच्याकडं असते. तो वाचतो समोर काम घेऊन बसलेला माणूस. साहेब फोनवर बोलत असतात आणि तो बिचारा वरपासून खालपर्यंत सगळ्यांचं पासून-पर्यंत वाचून काढतो.

नवीन साहेब रुजू झाले की आठवड्याच्या आत कारकुनाचा निरोप येतो : पेंटर, नाव टाकून जा. खरं तर कामं दोन असतात. जुन्या साहेबांच्या ओळीत 'पर्यंत'ची तारीख आणि तिच्या खाली नव्यांचं नाव. निरोप कायम एकाच कामाचा येतो. तारखेची आठवण मीच करून द्यायचो. एक साहेब म्हणाले, आधीच्यांपेक्षा माझं नाव जरा ठळक येऊ द्या. मी म्हणलं, साहेब, रेघा आधीच मारलेल्या आहेत. ते रुसले. पुढं त्यांची बदली झाली, त्यांचं 'पर्यंत' मी त्याच ब्रशनं टाकलं. एका जुन्या कचेरीत फलक भरला म्हणून तोच घासून परत वापरायला दिला. पॉलिश पेपर मारत गेलो तर मराठी नावांच्या खालून उर्दू निघाली. निजामाच्या वेळचे तालुकदार. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान गेलं तेव्हा कोणीतरी त्यांच्यावर रंगाचा हात मारला होता. आता मराठीवर मी मारला.

जमलं तर खुलताबादला एक चक्कर मारा. एवढंसं गाव, आणि तिथं औरंगजेब आहे, पहिला निजाम आहे, मलिक अंबर आहे. औरंगजेब १७०७ ला नगरला वारला आणि पुरला इथं, कबरीवर छतसुद्धा नाही. पहिला निजाम १७४८ चा. मलिक अंबर सगळ्यांच्या आधीचा, १६२६ चा. हबसाणातून (आजचं इथिओपिया) गुलाम म्हणून विकत आलेलं पोरगं. पुढं अहमदनगरच्या निजामशाहीचा कारभारी झाला आणि १६१० ला खडकी वसवली. आजचं छत्रपती संभाजीनगर ते हेच. शहराला पाणी मिळावं म्हणून त्यानं जमिनीखालून नहर आणली. राज्य बुडालं तरी ते पाणी पुढच्या कित्येक पिढ्या प्यायल्या. नहर-ए-अंबरी हे नाव लोकांच्या तोंडी राहिलं, त्याला फलक लागला नाही.

दुसरी चक्कर नांदेडला. औरंगजेबानंतर सुमारे दीड वर्षानं, १७०८ मध्ये, गुरू गोबिंदसिंहजींचा तिथं अंत झाला. जाण्याआधी त्यांनी सांगून ठेवलं की आता यापुढं कोणी माणूस गुरू नाही, ग्रंथसाहिब हेच गुरू. फलकाच्या भाषेत बोलायचं तर त्यांनी पुढची ओळच ठेवली नाही. अधिकार हातात असताना अशी ओळ बंद करणारा माणूस मला आपल्या मुलखात दुसरा दिसत नाही.

आता शिपायाचं. तो काही वावगं बोलला नाही. त्याला उत्तर द्यायला काहीतरी काम घेऊन जा, इतकंच. कोणती फाईल कुठल्या टेबलावर अडते हे तुमच्याइतकं कोणाला ठाऊक आहे? तहसीलसमोरच्या झाडाखाली अर्ज लिहून देणाऱ्यांच्या शेजारी एक खुर्ची टाका. फेरफाराला हेलपाटे घालणारी म्हातारी माणसं तिथं रोज असतात. पैसे घेऊ नका. फोन वाजेल. इतका वाजेल की वहिनी कटकट करतील.

प्रश्न : पेंटर, तुम्हीच मागं लिहिलं होतं की एकाच निवडणुकीत दोन्ही बाजूंच्या भिंती रंगवल्या. लाज वाटली नाही का? की शेवटी नुसती नावंच ना ती, कोणाचीही लिहा? (परतूर)

उत्तर : लाज वाटली नाही. दोघांनाही फुटाचा भाव एकच लावला, आणि घरमालकाला विचारल्याशिवाय कोणाच्या भिंतीवर चुना मारला नाही. तसं न करणारे खूप होते. रात्री येऊन गरिबाची भिंत पांढरी करायची, सकाळी त्याला कळायचं आपण कोणाचे ते. निकाल लागल्यावर पुसून द्यायला मात्र कोणीच पैसे देत नाही, जिंकलेलाही नाही.

पण 'नुसती नावंच ना' हे तुमचं मला मान्य नाही, आणि वरच्या उत्तरात साहेबांची मी थट्टा केली म्हणून तुम्ही मला पकडाल, तर आधीच सांगतो. १९७८ च्या २७ जुलैला विधिमंडळात ठराव झाला की मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यावं. त्यावर आपल्याच गावांत वस्त्या जळाल्या, माणसं मारली गेली, बाया-लेकरं गाव सोडून गेली. ज्या माणसानं १९५० साली औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय सुरू करून इथल्या पोरांना कॉलेजचं तोंड दाखवलं, त्याच्या नावाला विरोध! नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ ला. साडेपंधरा वर्षं गेली, एका कमानीवरच्या अक्षरांसाठी.

तेव्हा माझ्याकडं एक पोरगा होता, ब्रश धुवायला आणि पत्र्याला पांढरा हात मारायला. अक्षराला त्यानं कधी हात लावला नव्हता. संक्रांतीची सुट्टी घेऊन परत आला त्या दिवशी कोपऱ्यातला एक पत्रा ओढून बसला, काही न विचारता. मधला बिंदू काढला, दोन्ही बाजूंना अक्षरं मोजली आणि 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ' आख्खं बसवलं. आमच्या धंद्यात एवढं लांब नाव एका ओळीत बसवणं सोपं नाही, शेवटचा 'ठ' कायम चेंगरतो. त्याचा चेंगरला नाही. नजरेनं तो कधीचा शिकत होता काय की. पत्र्याचे पैसे द्यायला लागला, मी म्हणलं राहू दे. तो पत्रा त्यानं घरी नेला.

कारकुनाला निरोप देऊन टाकून घेतलेलं नाव आणि ज्याच्यासाठी माणसं मेली ते नाव, दोन्हींना एनॅमल एकच लागतो. त्यावरून दोन्ही सारखी, असं म्हणायला मी तयार नाही.

प्रश्न : दादा, मी औसा तालुक्यातली. मालक जाऊन सहा महिने झाले. मी महिला भजनी मंडळात पेटी वाजवते. सासूबाई काही म्हणत नाहीत, पण जावा म्हणतात, इतक्यात पेटीला हात लावला तर लोक काय म्हणतील. मला तर पेटीपुढं बसलं तरच श्वास घेता येतो. काय करू?

उत्तर : ताई, वाजवा. ज्यांचा लेक गेला त्या सासूबाई गप्प आहेत, हे तुम्हीच लिहिलंय. म्हणजे घरातली परवानगी झाली. जावांना सांगा, लोकांचं परभणीच्या पेंटरनं बघून घेतो म्हणलंय.

तुमचा तालुका म्हणजे किल्लारीच्या भूकंपाचा. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. तुम्ही तेव्हा लहान असाल. गणपती बुडवून माणसं झोपली होती, आणि दगड-मातीच्या रुंद भिंती अंगावर आल्या. लाकडी माळवदावर हातभर माती, ती सगळी खाली. पुढं पत्र्याची शेडं उभी राहिली, त्यांच्यावर नंबर टाकायच्या कामाला एका ठेकेदारानं आम्हाला नेलं होतं. एका शेडपुढं एक बाई तीन दगडांची चूल मांडत ओवी म्हणत होती. जात्यावरची ओवी, जातं ढिगाऱ्यात. चांगल्या सुरात म्हणत होती. मला वाटलं, हिच्या घरचे वाचलेले दिसतात. शेजारची हळूच म्हणाली, दोन लेकरं गेली हिची. मी दारापाशी आकडा काढायला लागलो. तिनं ओवी अर्ध्यात थांबवली आणि म्हणली, भाऊ, जरा वर काढा, रंग ओला आहे, इथली लेकरं हात लावतील. मग राहिलेली ओवी पुरी केली.

तिला कोणी म्हणलं नाही की गाऊ नको. तसं म्हणायला गावात माणसंच किती उरली होती, म्हणा. तुमच्याकडं बोलणारी माणसं शिल्लक आहेत, त्यांना बोलू द्या. एकादशीला तुम्ही नसलात तर काळी चारला पट्टी धरणार कोण, हे मंडळातल्या बायांना विचारा. त्याच येऊन जावांना समजावतील.

प्रश्न : शेतात आईची समाधी बांधली. नाव रंगवून घ्यावं की कोरून? आणि आईची जन्मतारीख कुठंच नाही. ती म्हणायची, मी रझाकाराच्या धामधुमीत झाले. नात्यातले म्हणतात १ जून टाका, सगळ्यांची तीच असते. (गंगाखेड)

उत्तर : कोरून घ्या. नुसता रंग उन्हापावसात दोन वर्षं टिकला तर नशीब. काळा दगड घ्या, ग्रॅनाईट नको, त्याच्यावर ऊन चमकलं की अक्षर वाचता येत नाही. कोरणाऱ्याला सांगा, खाच तळाशी निमुळती पाहिजे, सपाट नको. सपाट खाचेत पाणी साचतं आणि रंग उकलतो. शिरोरेषा अखंड घ्यायला लावा. मशीनवाले ती अक्षराअक्षरावर तोडतात, मग नाव तुटक दिसतं. आत पांढरा एनॅमल, दोन हात, पहिला वाळल्यावर दुसरा.

१ जून टाकू नका. ती तारीख शाळेत नाव घालताना मास्तरांनी आपल्या सोयीसाठी पोरांना वाटली. तुमची आई शाळेत गेली नसेल, तिला कशाला? मृत्यूची तारीख आकड्यात घाला आणि जन्मापुढं ती म्हणायची तेच कोरा : 'रझाकाराच्या धामधुमीत'. कोरणारा नाक मुरडेल, कारण दोन्ही ओळी सारख्या लांबीच्या येणार नाहीत. येऊ नयेत. अक्षरामागं पैसे घेतात, तेव्हा आधी घासाघीस करून घ्या. दगड आत्ता बसवला तरी रंग दिवाळी झाल्यावर भरा. ओल राहिली तर संक्रांतीच्या आत पोपडे धरतील.